बाबा तापट नव्हते

आज दुपारी दादाकडे गेले होते. माझ्या डोळ्यांदेखत त्यानं लेकीच्या वहीची पाच पानं टराटरा फाडली. पोरगी नववीत आहे. फिजिक्सच्या वहीच्या मागच्या पानांवर गोष्ट लिहीत होती. "हे काय लिहून राहिली? नीटची परीक्षा काय गोष्टी सांगून निघते?" पोरगी रडलीसुद्धा नाही. तेच मला जास्त लागलं.

घरी येऊन चार तास झाले, राग उतरत नाहीये.

दादा, तू हे वाचशील. वाच. 1877 मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली तेव्हापासून नागपुरात मिलवाल्यांची किती घरं झाली, त्यातलंच आपलं. मिल दुसरी, एवढंच. बाबा साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. घरी आले की जोरजोरात बोलायचे, आणि आपण तोंड उघडलं की एकटक बघत राहायचे. तू अजूनही म्हणतोस, बाबा तापट होते. मीही तेच म्हणत आले.

ते गेल्यावर तीन वर्षांनी मी त्यांच्यावर गोष्ट लिहायला घेतली आणि पहिल्याच पानावर अडले. बाबा दारातून आत येतात, डबा ठेवतात, मुलगी काहीतरी विचारते. आता ते बघतात कुठे? डोळ्यांत तर नाही. खूप आठवून लिहिलं, "ओठांकडे". आणि हात थांबला. साचेखात्यात 100 डेसिबलच्या आसपास आवाज असतो. 85 च्या वर रोज आठ तास, वर्षानुवर्षं काढले की कान जातात. तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचून, खुणा करून बोलतात. बाबांना ऐकू येत नव्हतं रे.

माझ्या जुन्या डायऱ्यांमध्ये "आज बाबा पुन्हा ओरडले" एवढंच आहे, पानोपान. डायरीला तेवढं पुरतं. गोष्टीत त्यांना घरात आणावं लागलं, उभं करावं लागलं, त्यांची नजर कुठे आहे ते सांगावं लागलं.

कबूल, गोष्टी लिहून घर चालत नाही. अभ्यासाचं वर्ष आहे, तेही कबूल. पण फाडायची काहून? ती पोरगी त्या पानांत काय शोधत होती, हे तू विचारलंस तरी का?

ते असताना लिहिलं असतं तर मी त्यांच्यासमोर बसले असते. उजेडात, तोंड त्यांच्याकडे करून, सावकाश बोलले असते.

तुझ्यावर ओरडायला बसले होते, आता होत नाहीये. तूही त्या घरात भिऊनच वाढलास. बाबांचा डबा पोचवून यायचास आणि म्हणायचास, "काय आवाज असते बाप्पा तिथं!" आठवतं?

फाडलेली पानं मी पर्समध्ये घालून आणली. आत्ता चिकटपट्टीनं जोडली. चार पूर्ण जुळली. पाचव्यावर वाक्य अर्धंच आहे, "बाबा दारात आले आणि".

उद्या संध्याकाळी नवी वही घेऊन येते. घरी राहा.