ड्रॅगन जिवंत पकडायचाय? आधी फायरबॉल टाका

तुमच्या डीएमनं, म्हणजे खेळातली गोष्ट चालवणाऱ्या डंजन मास्टरनं, एखादा अक्राळविक्राळ प्राणी जिवंत पकडून आणायला सांगितला असेल, तर मुळीच घाबरू नका. तो हे सांगत असताना तुम्ही रील बघत होता, त्यामुळे तुम्ही ते ऐकलेलंच नाही.

मी डीएम आहे. नाशिकच्या इंदिरानगरला एका मित्राच्या हॉलमध्ये रविवारी आमचं डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांवर चालणारा गोष्टीचा खेळ, चालतं. नियम 2014 चे, कारण 2024 ची नवी पुस्तकं विकत घ्यायला प्रत्येकजण दुसऱ्याची वाट बघतोय. मिनिएचर परवडत नाहीत म्हणून रविवार कारंजावरून आणलेला प्लॅस्टिकचा डायनासोर ड्रॅगन म्हणून उभा राहतो, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. गेल्या रविवारपासून मात्र मला वाटायला लागलंय की राक्षस जिवंत पकडण्याच्या कलेवर मराठीत कोणीतरी नीट मार्गदर्शन करायलाच हवं. तेव्हा वही काढा. वही नसेलच, कॅरेक्टर शीटच्या मागे लिहा. शीट घरी राहिली असेल तर राहू द्या.

सुरुवात बक्षिसाच्या वाटणीनं करा. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही परंपरा आपण नाही जपायची तर कोणी जपायची? ड्रॅगन अजून जंगलात निवांत पडलाय. सुभेदारानं जिवंत ड्रॅगनला 10,000 सोन्याची नाणी कबूल केलीत, आणि पाच जणांत ती वाटायचा हिशेब चौथीतलं पोरही करेल. पण इतकं सरळ कशाला? आमच्यातला रोग, म्हणजे चोराचं पात्र घेतलेला, म्हणणार, माग मी काढला, मला जास्त द्या. पॅलाडिन, म्हणजे देवाला वाहिलेला योद्धा, म्हणणार, माझा वाटा देवळाला, आणि त्यावर बाकीचे त्याला हसणार. बार्बेरियनला, म्हणजे आमच्या रानदांडग्या योद्ध्याला, नाणी नकोतच, त्याला ड्रॅगनच्या कातडीचं चिलखत हवंय. जिवंत ड्रॅगनच्या कातडीचं. कुणी त्याला यातली अडचण समजावून सांगायला गेलं की तो म्हणणार, ‘थोडीशीच कातडी.’

तो प्राणी जिवंत का हवाय, हे विचारायचं नाही. डीएमनं त्याचं कारण पानभर लिहून आणलेलं असतं. तो वाचत असताना मिसळीचा पापड मोडत बसा, जरा आवाज येईल असा. आमच्या कथेत कारण अगदी साधं होतं. हे तरुण ग्रीन ड्रॅगन, त्याच्या आईनं घाटाचा रस्ता अडवलाय, पोरगं हातात असेल तर तिच्याशी बोलणी करता येतील. पोरगं मेलं तर बोलणी नाहीत, नुसती आई. हे मी नकाशावर बोट ठेवून सांगितलं होतं. ‘पोरगं’ म्हणजे तरी काय, ड्रॅगन 100 वर्षांचा होईपर्यंत तरुणच धरतात. 136 हिट पॉइंट, म्हणजे एवढी इजा सोसेपर्यंत पडत नाही, आर्मर क्लास 18, म्हणजे फाशाची बेरीज निदान 18 झाली तरच वार लागतो, तोंडातून विषारी वाफ. पण जीव घ्यायचा असता तर नवव्या लेव्हलच्या पाच जणांना ते अवघड नव्हतं. अवघड होतं ते न मारणं, आणि सगळी गंमत तिथंच होती. असो.

स्लीप या मंत्रानं झोपवा. 5d8 म्हणजे आठ बाजूंचे पाच फासे, त्यात फार फार तर 40 हिट पॉइंटचा जीव झोपतो, पण त्याला 136 आहेत हे त्याला कोण सांगतंय?

जाळं तर आणाच. 1 नाण्याला मिळतं आणि लार्ज आकाराच्या प्राण्यावर चालतंही, म्हणजे या पोरग्यावर चाललं असतं, त्याच्या आईवर नाही. जाळ्याला कापणारी 5 इजा झाली की ते फाटतं. या ड्रॅगनच्या पंजाची इजा 2d6+4, म्हणजे दोन्ही फाशांवर एकेक पडला तरी 6. थोडक्यात, पंजा लागला की जाळं गेलं. पण हे गणित घरी करून यायचं नाही. टेबलावर जाळं फाटल्यावर डीएमकडे फसवणूक झाल्यासारखं बघायचं.

दोराचंही तेच. 50 फुटी दोर, किंमत 1 नाणं, हिट पॉइंट 2, तोडायला ताकदीवर 17 हवेत, ड्रॅगनला +4 आहे. वीस बाजूंच्या फाशावर 13 किंवा वर पडलं की दोर तुटला, आणि तो दर सहा सेकंदांनी प्रयत्न करू शकतो. बेड्या? त्या माणसाच्या मापाच्या असतात. तरी दर वेळी कोणीतरी विचारतंच, ‘एका बोटाला घातली तर?’

उडत असताना होल्ड मॉन्स्टर हा थिजवणारा मंत्र टाका, म्हणजे 100 फुटांवरून पडून त्याची 10d6 इजा आपोआप होते, तुम्हाला हातही लावावा लागत नाही.

पॉलिमॉर्फ, म्हणजे रूप बदलायचा मंत्र, हा त्यातल्या त्यात सुसंस्कृत मार्ग. आमच्याकडे एका मँटिकोरवर, म्हणजे सिंहाचं अंग आणि माणसाचं तोंड असलेल्या राक्षसावर, तो झालाय. आमच्या विझार्डनं, म्हणजे जादूगारणीनं, त्याची कोंबडी केली, एक तास टिकणारी. डोकं लावलं होतं तिनं, गावाची वेस तासाच्या आत होती. तिचं एकच म्हणणं होतं, की कोंबडी हातात धरा. रोगनं ती बॅग ऑफ होल्डिंग या जादूच्या पिशवीत टाकली, कारण ती ‘चिवचिवत होती’. कोंबडी चिवचिवत नाही, पण ते जाऊ द्या. त्या पिशवीत एका जिवाला 10 मिनिटं पुरेल एवढीच हवा असते. मी दोनदा विचारलं, ‘नक्की पिशवीत?’ डीएम ‘नक्की?’ विचारतो तेव्हा काय समजायचं असतं, ते मी आता इथं समजावत बसणार नाही. हवा संपली, कोंबडी गुदमरली, शून्यावर आली, म्हणजे तिचा पुन्हा मँटिकोर झाला, 64 घनफुटांच्या पिशवीत. पिशवी फाटली. आत जे काही होतं ते सगळं ॲस्ट्रल प्लेन नावाच्या दुसऱ्याच जगात उधळलं गेलं, पार्टीचे सगळे हीलिंग पोशन धरून. रोगचा पहिला प्रश्न: ‘मग एक्सपी, अनुभवाचे गुण, मिळणार का?’

पर्सुएशनवर, म्हणजे बोलून पटवताना, नॅट ट्वेन्टी, म्हणजे फाशावर थेट 20, आला की ड्रॅगन तुमचा झाला. नियमपुस्तकात तसं काही नाही, पण नियमपुस्तक वाचतंय कोण.

आता मुख्य शस्त्राकडे येऊ. फायरबॉल. तिसऱ्या लेव्हलचा, 8d6, 20 फूट त्रिज्या. जिवंत पकडायच्या मोहिमेत हा केव्हा टाकावा याबद्दल लोकांच्या मनात उगाच संभ्रम असतो. योग्य वेळ सांगतो. आधी सगळ्यांनी मिळून ड्रॅगनला जमिनीवर उतरवावं. तासभर घासाघीस करून त्याचे हिट पॉइंट एक आकड्यावर आणावेत. डीएम आकडा सांगत नाही, पण पंख लुळा पडलाय, एक डोळा मिटलाय, श्वासाला घरघर लागलीय, एवढं त्यानं तीनतीनदा सांगावं, त्याहून स्पष्ट काय सांगणार, पाटी लावू का? मग विझार्डनं तिचा होल्ड मॉन्स्टर टाकावा. नवव्या लेव्हलच्या विझार्डला पाचव्या लेव्हलचा मंत्र टाकायचा स्लॉट मिळतो एक. दिवसाला एक. तो तिनं सबंध दिवस जपून ठेवलेला, बाकीचे मार खात असताना शिव्या ऐकून जपलेला. तो टाकावा, ड्रॅगनचा सेव्ह, म्हणजे मंत्रातून वाचायला टाकलेला फासा, फसावा, ड्रॅगन जागच्या जागी थिजावा. मग तिनं सगळ्यांकडे बघून, मोठ्यानं, मराठीत सांगावं: ‘आता फक्त पॅलाडिननं मारायचं, आणि बेशुद्ध करतो म्हणायचं. बाकी कोणी काही करू नका.’ सगळ्यांनी माना डोलवाव्यात.

आणि मग सॉर्सररचा, म्हणजे आमच्या दुसऱ्या जादूगाराचा, टर्न यावा. त्यानं मोबाइलवरून मान वर करावी. ‘माझा आला? फायरबॉल.’

31 पडले. एरवी पुढच्या सात घरांत ऐकू जाईल इतका आरडाओरडा होतो 31 पडल्यावर. या वेळी एकटा तोच ओरडला. थिजलेला प्राणी डेक्सटेरिटीचा, म्हणजे चपळाईचा, सेव्ह आपोआप हरतो, त्यामुळे निम्मी इजासुद्धा नाही, पूर्ण 31. ड्रॅगनला उरले होते 9. शेजारी उभा असलेला बार्बेरियनही आडवा झाला, पॅलाडिन होरपळला. सॉर्सरर म्हणतो, ‘मग बेशुद्ध झाला ना?’

नाही झाला. फायरबॉलनं राक्षस बेशुद्ध होत नाही, जळून मरतो. शून्यावर आणताना जीव न घेता बेशुद्ध करायची मुभा फक्त मेली, म्हणजे हातघाईच्या, हल्ल्याला आहे. हे पहिल्या सेशनला सांगितलंय, मँटिकोरच्या वेळी सांगितलंय, ग्रुपवर पिन केलंय. बरं, या माणसाच्या शीटवर शॉकिंग ग्रास्प हा हात लावून झटका द्यायचा मंत्र आहे! कॅन्ट्रिप आहे, स्लॉट लागत नाही, मेली स्पेल अटॅक आहे. चार पावलं पुढे जाऊन नुसता हात लावला असता तरी थिजलेल्या ड्रॅगनवर तो क्रिटिकल, म्हणजे दुप्पट फाशांचा वार, धरला असता आणि हा पठ्ठ्या हीरो झाला असता. शीटवर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं आहे. मी दाखवलं. तर म्हणे, ‘स्लॉट वाया चालला होता यार.’ आणि पुढे, ‘तू डीएम आहेस ना, मग कर ना बेशुद्ध. तुझ्या हातात आहे.’

माझ्या हातात आहे! रात्री जागून नकाशे काढायचे ते माझ्या हातात आहे, द्वारकेच्या सिग्नलला अडकलेल्या नाशिकरोडकरांसाठी तासभर खेळ थांबवायचा तेही माझ्या हातात आहे, आणि तुम्ही जे जाळलं ते न जळल्यासारखं करायचं तेही माझ्याच हातात. मग फासे कशाला टाकता? मीच सांगतो ना गोष्ट, तुम्ही मिसळ खा.

बरं, समजा चुकून ड्रॅगन बेशुद्ध झालाच, तर पहारा ठेवू नका. 1d4 तासांत 1 हिट पॉइंट येऊन तो शुद्धीवर येतो, तेवढ्या वेळात लाँग रेस्ट, म्हणजे अख्ख्या रात्रीची झोप, घ्या.

2019 च्या जानेवारीत गंगापूर रोडच्या सावरकरनगरात बिबट्या शिरला होता, नाशिककरांना सांगायला नको. वनखात्याला तो जिवंत हवा होता. डार्ट लागला तरी औषध लगेच चढत नाही, तोवर जनावराला डिवचायचं नाही, आवाज करायचा नाही, मोकळी जागा ठेवायची. आणि भोवती काय होतं? गच्च्यांवर माणसं, कंपाउंडवर माणसं, हातात मोबाइल, वर आरोळ्या. माणसं जखमी झाली त्यात. शेवटी बिबट्या सापडला तो काम येणाऱ्या मोजक्या माणसांमुळे, आणि त्यांची निम्मी ताकद बिबट्यावर नाही, गर्दीवर खर्च झाली असणार. माझ्या टेबलाला पाच खुर्च्या आहेत. त्यातल्या चार खुर्च्यांवर ती गर्दी बसते.

होय, चार. फायरबॉल एकानं टाकला, पण बाकीचे काय करत होते? ड्रॅगन मेल्यावर पॅलाडिन ‘जाऊ दे, मस्त रोल होता’ म्हणाला. बार्बेरियन मृत्यूचे सेव्ह टाकता टाकता कातडी मागत होता, आता मेलाय म्हणून थोडीशी नाही, पूर्ण. रोगनं विचारलं, मेलेल्याला निम्मं बक्षीस मिळेल का. आणि जिनं जाळ्याचं, दोराचं गणित घरी करून आणलं होतं, जिनं ड्रॅगनची +4 लक्षात ठेवून खड्डा, साखळ्या आणि बैलगाड्या असा बेत आखला होता, साखळी का तर दोर तुटतो म्हणून, तिच्याकडे कोणी बघितलंही नाही. तिनं फासे डबीत भरले, उद्या सकाळची शिफ्ट आहे म्हणाली आणि स्कूटी काढून सातपूरला निघून गेली. गेला आठवडाभर ग्रुपवर तिचा एक शब्द नाही. तुम्ही तिथं ड्रॅगनचे मीम टाकताय.

मला ड्रॅगनचं दुःख नाही रे. ड्रॅगन मी उद्या दुसरा काढीन, त्याची आईसुद्धा तयार आहे, 207 हिट पॉइंटची, दिवसातून तीनदा फसलेला सेव्ह फिरवून घेणारी. ती येईल तेव्हा तुमचं काय व्हायचं ते होईल. पण टेबलावर एक माणूस बोलत असताना ऐकायचं असतं एवढं कळायला कुठली लेव्हल लागते? पस्तिशीला आलात, ऑफिसात माणसं हाताखाली आहेत तुमच्या. तिथं कोणी ‘आत्ता सेंड दाबू नका’ म्हणालं तर दाबता का? आपला टर्न येईस्तोवर दुसऱ्याचा टर्न म्हणजे जाहिरात वाटते तुम्हाला. दुसऱ्यानं रचलेलं मोडण्यात कसली आलीय मजा? आणि मोडल्यावर वर दात काढायचे!

पुढचा रविवार मी रद्द केलाय. कारण ग्रुपवर विचारू नका, मी उत्तर देणार नाही. सॉर्सररनं आणि बाकी तिघांनी आधी तिला फोन करायचा. मेसेज नाही, हात जोडल्याचा इमोजी नाही, फोन. दुपारी करू नका, ती शिफ्टवर असते. सहानंतर करा, आणि एकेकट्यानं करा, कॉन्फरन्स कॉल नको. ती येते म्हणाली तर मला कळवा, मी नकाशा काढायला घेतो.