नवा लॅपटॉप संथ चालतो म्हणून अँटीव्हायरस बंद करू नका

"मामा, लॅपटॉप घेऊन चारच दिवस झाले आणि आत्तापासूनच अडकतोय." भाचीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज रडवेला होता. तिला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला म्हणून ताईने पतपेढीचं कर्ज काढून हा लॅपटॉप घेतलाय. वर्गातल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं, अँटीव्हायरस उडवून टाक, सुसाट पळेल. उडवण्याआधी तिने मला विचारलं, हे फार बरं झालं.

संध्याकाळी जाऊन टास्क मॅनेजर उघडला, म्हणजे कोणते प्रोग्रॅम चालू आहेत ते दाखवणारी विंडोजची खिडकी. कंपनीने आधीच टाकून दिलेला, काही दिवसच फुकट चालणारा एक ट्रायल अँटीव्हायरस होता आणि दुकानदाराने वर्षभराचा पॅक म्हणून विकलेला दुसराही होता. दोन्ही चालू! एकच फाइल उघडली की दोघंही ती तपासायला धावणार. त्यात विंडोजचे अपडेट उतरत होते आणि वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवणूक, फोटो इंटरनेटवर चढवत होता. पहिले काही दिवस ही धावपळ प्रत्येक नव्या लॅपटॉपवर असतेच, तेवढ्यावरून मशीनला नावं ठेवू नयेत.

अँटीव्हायरसने वेग कमी होतो का? होतो, थोडा. वर्डची फाइल उघडताना कळतही नाही. पण झिप, म्हणजे दाबून लहान केलेली फाइल, सोडवताना, मोठं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना किंवा हजारो छोट्या फाइली कॉपी करताना जाणवतो, कारण प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे तपासली जाते. दोन जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क होती तेव्हा स्कॅन सुरू झालं की हात बांधून बसावं लागायचं. अँटीव्हायरसचं नाव खराब झालं ते तेव्हापासून. आता एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान साठवणूक) आणि आठ जीबी रॅमवर तेवढा त्रास उरलेला नाही.

आणि विकतचा घ्यायलाच हवा असंही नाही. 2012 साली विंडोज 8 आलं, तेव्हापासून डिफेंडर हा पूर्ण अँटीव्हायरस विंडोजबरोबरच मिळतो. दुसरा टाकला की तो आपोआप बाजूला होतो, दुसरा काढला की पुन्हा चालू होतो. विद्यार्थ्याला, अपडेट वेळच्या वेळी होऊ दिले तर, माझ्या मते तेवढा पुरतो. पहिल्यांदाच लॅपटॉप घेणाऱ्या घराला दुकानदाराने हे सांगायला हवं होतं. ताईसाठी ते हजार-बाराशे रुपये थोडे नाहीत.

पैसे गेलेच होते, म्हणून विकतचा ठेवला आणि ट्रायल काढली. नेहमीच्या पद्धतीने काढूनही तिचे अवशेष राहिले, मग कंपनीचं वेगळं रिमूव्हल टूल वापरावं लागलं. रीस्टार्ट केल्यावर फरक लगेच दिसला.

मला खरी भीती होती ती त्या 'उडवून टाक' सल्ल्याची. होस्टेलवर क्रॅक केलेली, म्हणजे परवाना तोडून फुकट केलेली सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून फिरतात आणि त्यांच्यासोबतच्या सूचनेत पहिली ओळ बहुतेक वेळा हीच असते: आधी अँटीव्हायरस बंद करा. त्या क्षणी आत काय शिरतंय ते कुणालाच दिसत नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम असेच येतात. पोरांनो, त्याच लॅपटॉपवर तुम्ही आईवडिलांचं नेटबँकिंग उघडून फी भरता!

काल तिचा मेसेज आला, "मामा, माझ्या तीन मैत्रिणींच्या लॅपटॉपवरही दोन-दोन आहेत, काढू का?" म्हटलं, काढ, पण एका वेळी एकच. आणि दोन्ही काढलेस, तर रीस्टार्ट करून डिफेंडर चालू झालाय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय उठू नकोस.