जुना बास घेताय? स्क्रू ड्रायव्हर घरीच ठेवा

संभाजीनगरात किंवा लातुरात बसून साठच्या दशकातला बास गिटार आणि जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचं तुमच्या मनाने घेतलंच असेल, तर आधी अभिनंदन. प्लॉट घेतला असता तर सातबारा, फेरफार, चतुःसीमा बघत हिंडावं लागलं असतं. इथे तसली कटकट नाही. गोष्ट ऐकायची आणि पैसे मोजायचे.

गोष्ट जितकी जुनी तितकी चांगली. "निजामाच्या बँडात वाजायचा हा, साहेब," असं विकणारा म्हणाला की नुसती मान डोलवा. अमेरिकेतल्या फेंडर कंपनीचा प्रिसिजन बास बाजारात आला 1951 साली आणि निजामाचं राज्य 17 सप्टेंबर 1948 ला संपलं, हे दर वर्षी झेंडावंदनाला जाणाऱ्या तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण बोलू नका. मुक्तिसंग्राम दिनाचं भाषण वेगळं, व्यवहार वेगळा.

जरा शिकलेला विक्रेता असेल तर तो 'प्री-सीबीएस' म्हणेल. सीबीएस कंपनीने फेंडर विकत घेतली 1965 च्या जानेवारीत, त्याआधीच्या बाजाला भाव जास्त. एवढं त्याला माहीत आहे म्हणजे माणूस जाणकार. आता पिकगार्ड, म्हणजे तारांखालची प्लास्टिकची पाटी, उघडायचा हट्ट धरू नका. आत व्हॉल्यूमच्या पॉटच्या, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या डबीच्या, पाठीवर 1376633 असले आकडे ठोकलेले असतात. त्यातले 137 म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, 66 म्हणजे साल आणि 33 म्हणजे त्या सालातला आठवडा. म्हणजे 1964 चा म्हणून सांगितलेल्या बाजाच्या पोटात 1966 च्या ऑगस्टमधला पॉट. यावर तो "पॉट नंतर बदललाय" असं म्हणणार. मग डाग दिलेली जागा बघावी लागणार, कथील जुनं-मळकट आहे की परवाचं चकचकीत, हे ताडावं लागणार. चांगल्या चहाची चव जाते अशाने.

नेक, म्हणजे बासचा लांब दांडा, खोलणं तर त्याहून वाईट. चार स्क्रू सुटले की टाचेवर पेन्सिलीने लिहिलेली किंवा शिक्क्याची तारीख समोर येते. तीही फक्त नेकची असते, अख्ख्या बासची नव्हे, म्हणजे आणखी डोकेदुखी. त्यापेक्षा हेडस्टॉकवरच्या, म्हणजे दांड्याच्या खुंट्यांकडच्या टोकावरच्या, नावावर आणि मागच्या प्लेटवरच्या नंबरवर विश्वास ठेवा. ते नाव पाण्याने चिकटवता येतं आणि प्लेट कुठल्याही बॉडीला बसते, हा तुमचा कोता विचार झाला.

फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या; पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम तार दाबून मधे, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, फट किती राहते तेही बघू नका. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी असली तर ठीक. बोट जात असेल तर नेक धनुष्य झालेला आहे, आणि त्याला सरळ करणाऱ्या आतल्या सळईचा, ट्रस रॉडचा, नट आधीच कोणी पिळून संपवला असेल तर पुढे देवाचं नाव. असू द्या. तसाच घरी आणा आणि पत्र्याच्या खोलीत माळ्यावर ठेवा. चारही तारा कसून ओढलेल्या, म्हणजे सत्तर-ऐंशी किलोंचा ताण रात्रंदिवस. मे महिन्यात आपल्याकडच्या कोरड्या उन्हात फिंगरबोर्डचं लाकूड आकसलं की फ्रेटची टोकं बाहेर येऊन तळहाताला ओरखडे काढतील. त्यालाच लोक व्हिंटेज फील म्हणत असावेत.

रंगाला तडे गेलेत, कोपरे उडालेत, हे घरच्यांना बघवणार नाही. गॅरेजवाल्याकडे नेऊन ड्युको मारून घ्या. गंमत म्हणजे फेंडरचे खास रंगसुद्धा ड्युपाँट कंपनीच्या मोटारींसाठीच्या रंगांतूनच आले होते, त्यामुळे तुम्ही परंपराच पाळाल. पुन्हा रंगवलेल्या बाजाची किंमत जवळपास निम्म्यावर आली असं या धंद्यात धरतात. निम्मी किंमत गेली तरी बाजा बोलेरोसारखा चमकेल.

आता अ‍ॅम्प. अमेरिकेतून आलेला असेल तर मागे 117 व्होल्ट लिहिलेलं असेल. पिना बदला आणि सरळ आपल्या 230 मध्ये घाला. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरचा खर्च वाचतो आणि निकाल लगेच लागतो. दोन पिनांची वायर असेल तर तीच ठेवा. अर्थिंग बसवलं तर ओरिजिनलपणा जातो, नाही बसवलं तर फार तर बास आणि माइक एकाच वेळी धरलेला गायक जातो.

एकच माणूस टाळा. जुन्या बाजारात अजून एखादा म्हातारा रेडिओ मेकॅनिक असतो, ज्याने उमेदीत व्हॉल्व्हचे रेडिओ आणि लग्नातले भोंग्याचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त केले. तो तुमचा सगळा उत्साह मारतो. "साहेब, डायरेक लावू नका, आधी बलबावर घेऊ," म्हणतो. शंभर वॉटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडतो, बटण टाकतो आणि अ‍ॅम्पकडे न बघता बल्बकडे बघत बसतो. बल्ब भपकन पेटून मंद झाला तर "चला" म्हणतो. पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे असं सांगून वायर काढून तुमच्या हातात देतो. स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू देत नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो म्हणतो. मग पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एकेका व्हॉल्व्हवर टिचकी मारतो, आणि जो टण्ण करून स्पीकरमधून ओरडतो तो बाजूला काढतो.

हे सगळं झाल्यावर म्हणतो, "कंडेन्सर सुकलेत, बदलावे लागतील." तुम्ही लगेच बाणेदारपणे सांगा, की पन्नास-साठ वर्षांचे ओरिजिनल कंडेन्सर आहेत, हात लावायचा नाही. हूँऽऽ असा जो घुमारा येतो तो वॉर्म टोन आहे. आउटपुट व्हॉल्व्हची प्लेट लालबुंद झालेली दिसली तर बायस, म्हणजे व्हॉल्व्हमधून किती करंट जाऊ द्यायचा ते, बघायला सांगू नका, मोबाइलवर फोटो काढा, छान येतो. वायर काढल्यावरही त्याच कंडेन्सरमध्ये चारशे-पाचशे व्होल्ट दबा धरून असतात, अ‍ॅम्पेग कंपनीच्या एसव्हीटी या दणकट बास अ‍ॅम्पमध्ये तर सातशेच्या घरात. म्हातारा रेझिस्टर लावून ते उतरवतो, मीटर शून्यावर आल्याशिवाय हात घालत नाही आणि तेव्हाही एक हात खिशात ठेवतो. केवढा भित्रा! त्याने शेवटी काढलेले जुने भाग पिशवीत घालून दिले आणि "विकताना लागतील" म्हणाला, तर पिशवी तिथेच विसरून या.

एवढं करून बास वाजू लागला, तर जयंतीच्या ऑर्केस्ट्रात घेऊन जा. टेम्पोतून एसव्हीटी आणि आठ स्पीकरांचं कॅबिनेट उतरवायला चार पोरं लागतील. स्टेजवरचा साउंडवाला तुमच्या चार तारा मोजेल, अ‍ॅम्पकडे बघेल आणि सांगेल, "दादा, ते गरम कपाट जरा मागं सरकवा. बास कीबोर्डवाला डाव्या हातानं देतोय."