पासवर्ड साहेबांचा, काम ऑपरेटरचं

इंदूरला घरी फोन केला की आमचे भाऊजी हमखास या विषयावर येतातच, की निगमातले (म्हणजे महानगरपालिकेतले) बाबू नवीन सिस्टिम चालू देत नाहीत कारण फाइल ऑनलाइन झाली की वरची कमाई बंद. 1 जानेवारी 2025 पासून भोपाळच्या मंत्रालयात ई-ऑफिस, म्हणजे फायली ऑनलाइन चालवायची पद्धत, सुरू झालं तेव्हापासून तर त्यांना अजूनच जोर चढलाय, म्हणे आता बघ झोन ऑफिसवाले पण कसे सरळ होतात. बरं, त्यांचं सगळंच चूक आहे असंही नाही. 2024 साली निगमात न झालेल्या ड्रेनेजच्या कामांची कोट्यवधींची जी खोटी बिलं उघडकीला आली, ती काढली होती कागदी फायलींच्याच जोरावर ना!

पण मी राहतो बर्मिंगहॅमला, आणि इथल्या सिटी कौन्सिलनं, म्हणजे इथल्या महानगरपालिकेनं, काय केलं ते बघितल्यावर मला हे बाबूपुराण पुरेसं वाटत नाही. 1999 पासून इथे सॅप नावाच्या सॉफ्टवेअरवर हिशेब चालत होता, तो एप्रिल 2022 मध्ये ओरॅकल या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर नेला. खर्चाचा आधीचा अंदाज साधारण 2 कोटी पाउंडांचा होता, तो आकडा पुढे 10 कोटींच्याही वर गेला. आणि इथे चहापाण्याचा काही संबंधच नव्हता. झालं असं की जुन्या पद्धती बदलायच्या नव्हत्या म्हणून नव्या सिस्टिमलाच वाकवत बसले, मग बँकेतले पैसे कुठल्या खात्याचे हेच तिला नीट लावता येईना, शेवटी ते जुळवायला माणसं बसवावी लागली. सप्टेंबर 2023 मध्ये कौन्सिलनं खर्च भागत नाही म्हणून हात वर केले, त्यात समान वेतनाच्या दाव्यांचा वाटा मोठा होता हे खरं, पण ओरॅकलचंही नाव त्यात आलंच. 2024 ला आमचा कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, 9.99 टक्क्यांनी वाढला. भाऊजींना हे सांगितलं तर म्हणाले, "अरे वा, म्हणजे तुमच्याकडे पण?"

फ्रेड डेव्हिस नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं 1989 मध्ये सांगून ठेवलंय की माणूस नवं तंत्र घेतो ते दोन गोष्टी बघून, याचा मला उपयोग आहे का आणि वापरायला सोपं आहे का. ठीक आहे, पण आपल्याकडे आधी हे विचारायला पाहिजे की वापरतंय कोण. मागच्या वेळी इंदूरला आलो तेव्हा वडिलांच्या घराच्या नामांतरणासाठी, म्हणजे कागदोपत्री मालकाचं नाव बदलून घ्यायला, एका सरकारी ऑफिसात बसलो होतो. लॉगिन साहेबांच्या नावाचं, पासवर्ड डायरीच्या शेवटच्या पानावर, आणि कॉम्प्युटरवर ठेक्यावरचा एक मुलगा जो दर थोड्या वेळानं फोन लावून म्हणायचा, "सर, ओटीपी आला का?" पर्मनंट बाबू शेजारी रजिस्टरमध्ये तेच सगळं हातानं लिहीत होते. म्हणजे काम डबल, आणि गडबड झाली तर जबाबदार कोण हे देवालाच ठाऊक. त्या मुलानं सिस्टिम स्वीकारली की नाही हे कोणी विचारणार नाही, आणि ज्यांना विचारतील त्यांनी माऊसला हात लावलेला नाही.

त्या रजिस्टरवर हसू नका बरं. डिसेंबर 2023 मध्ये मध्य प्रदेशच्या ई-नगरपालिका पोर्टलवर सायबर हल्ला झाला आणि गावोगावच्या नगरपालिकांची कामं अडकली, तेव्हा ज्यांच्याकडे वही होती त्यांच्याकडे निदान कोणाचं काय भरलंय ते तरी होतं. असा अनुभव एकदा आला की माणूस वही सोडेल कशाला?

अजून एक म्हणजे आपल्याकडे बऱ्याच खात्यात नव्या सिस्टिमची पहिली ओळख हजेरीनं होते. फोन काढा, चेहरा दाखवा, लोकेशन चालू ठेवा. काम सोपं करणारं काही नंतर येईल, कदाचित. मग पुढे कितीही चांगलं अ‍ॅप आणा, माणूस त्याच्याकडे मुकादमाकडे बघावं तसाच बघणार.

परदेशात बसून गावाला शहाणपण शिकवणाऱ्यांचा मलाही कंटाळा आहे, तरी एक मागणी करतोच. ऑपरेटरला त्याच्या स्वतःच्या नावाचं लॉगिन द्या, आणि टेंडर काढायच्या आधी त्याला आणि त्या रजिस्टरवाल्या बाबूंना समोर बसवून एक नामांतरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत करायला लावा. भाऊजी म्हणतात साहेब स्वतःच्या लॉगिनचा पासवर्ड कधी बदलणार नाहीत. यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही.