भूमध्यरेषेवर एक प्लॉट

इंदूरमध्ये जमीन घेण्यात आता राम उरलेला नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेलच. सुपर कॉरिडॉरचे भाव ऐकले की पोह्यांचा घास घशात अडकतो. बायपासच्या पलीकडे डायरीवर सौदे चालतात: नकाशा मंजूर नाही, डायव्हर्शन, म्हणजे शेतजमिनीचं बिगरशेती करणं, झालेलं नाही, पण दलालाच्या डायरीत तुमचं नाव आणि प्लॉट नंबर शाईने लिहिलेला. गृहनिर्माण संस्थांमध्ये पैसे भरून बसलेले काका लोक अजून ताब्याची वाट बघताहेत, आता त्यांची मुलंही बघू लागली आहेत. तेव्हा माझं ऐका. इथल्या भानगडीत पडू नका. पैसा समुद्रापार न्या. ऊन आपल्यासारखंच हवं, नारळ हवेत, आणि देश नकाशात पटकन सापडणारा नसला तर उत्तम.

आधी स्वतःच्या सवयी मोडा. रामबागेतला फ्लॅट घेताना तुम्ही काय काय केलं होतंत, आठवा. रजिस्ट्री पाहिलीत, सरकारी नोंदीत मालकाचं नाव चढलं की नाही ते नामांतरण पाहिलंत, नळाला नर्मदा येते की बोअरिंग हे विचारलंत, वरच्या मजल्यावर भाडेकरू कसले आहेत याची चौकशी केलीत. वकिलाला कागद दाखवलेत आणि त्या वकिलावर भरवसा नाही म्हणून बँकेतल्या मावसभावालाही दाखवलेत. परदेशात असं वागणं बरं दिसत नाही. तिथे ड्रोनने काढलेला व्हिडिओ बघायचा. पाणी निळं दिसलं की टायटल क्लिअर.

कायद्याची भीती तुम्हाला कोणी तरी दाखवेलच. थायलंडमध्ये परदेशी माणसाला सहसा जमीन घेता येत नाही. इमारतीतला फ्लॅट मिळतो, पण परदेशी मालकी एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांवर जाऊ देत नाहीत. फिलिपिन्समध्ये १९८७ च्या राज्यघटनेनेच जमिनीचं दार लावून घेतलंय. केनियाने २०१० च्या घटनेत परदेशी लोकांना फार तर ९९ वर्षांचा भाडेपट्टा ठेवला, आणि ज्यांच्याकडे आधीपासून कायमची मालकी होती त्यांनाही ती काढून घेऊन नाममात्र भाड्याचा पट्टाच दिला. काय हे मागासलेले विचार! आपल्याकडे असं काही नाही. आपण फक्त परदेशात राहणाऱ्या परदेशी माणसाला सहसा जमीन घेऊ देत नाही, शेतजमीन तर नाहीच. महाराष्ट्रात तर जो शेतकरी नाही त्याला, तो कोल्हापूरचा असला तरी, शेतजमीन घेता येत नाही. म्हणजे पणजोबा ज्या रत्नागिरीहून होळकरांच्या चाकरीला आले, तिथे चार गुंठे आंबा लावायचा तर इंदूरच्या नातवाकडे शेतकरी असल्याचा कागद मागणार. इंडोनेशियात, बालीशेजारच्या लोंबोक बेटावर, असली कटकट नाही. तिथे तुम्हाला कोणी काही मागत नाही, पैशांखेरीज.

इंडोनेशियाचं म्हणाल तर तिथली संपूर्ण मालकी, ‘हक मिलिक’, फक्त तिथल्या नागरिकाला. पण एजंट हुशार असतात. जमीन एखाद्या स्थानिक सज्जनाच्या नावावर घ्यायची, त्याच्याकडून मुखत्यारपत्र लिहून घ्यायचं, वर त्याने तुमच्याकडून कर्ज घेतल्याचा एक करार ठेवायचा, झालं. १९६० च्या त्यांच्या जमीन कायद्यात २६ वं कलम आहे. ते म्हणतं की परदेशी माणसाकडे मालकी नेणारा असा व्यवहार आडवळणाने केला तरी रद्द, जमीन सरकारजमा आणि दिलेले पैसे परत मागता येणार नाहीत. पण असली कलमं ज्यांच्यात धमक नाही त्यांच्यासाठी असतात. सख्ख्या भावाच्या नावावर स्कूटर ठेवायला तुमचा जीव धजत नाही, हे मला माहीत आहे. बालीतला माणूस मात्र फोटोत फार शांत हसतो.

कोणी इतिहास काढला तर घाबरू नका, इतिहास तुमच्याच बाजूचा आहे. १८२० च्या दशकात ग्रेगोर मॅकग्रेगर नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थाने मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर ‘पोयाइस’ हा देश विकायला काढला. राजधानी, सुपीक माती, सगळं माहितीपत्रात होतं. त्याने लंडनमध्ये दोन लाख पौंडांचे रोखे काढले, जमिनीचे दाखले विकले, पोयाइसच्या नोटाही छापल्या. जवळजवळ अडीचशे माणसं दोन जहाजांतून गेली, तर तिथे जंगल आणि डास. बरेच जण तापाने मेले. आणि खरी शिकण्यासारखी गोष्ट ही की वाचून परतलेल्यांपैकी काहींनी मॅकग्रेगरचा काही दोष नाही असं लिहून दिलं. गुंतवणूकदार असा असावा. (आपल्या गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांनी हा गुण बऱ्यापैकी उचलला आहे.)

हेन्री फोर्डचंही तसंच. मोटारीच्या टायरसाठी रबर हवं म्हणून १९२८ पासून त्याने ब्राझीलमध्ये तापाजोस नदीच्या काठी अख्खं शहर वसवायला घेतलं. झाडं दाटीने लावली, त्यांना पानांचा करपा लागला, रबर काही धड निघालं नाही. १९४५ मध्ये कंपनीने ते सगळं ब्राझील सरकारला जेमतेम अडीच लाख डॉलरला देऊन टाकलं. आता योगायोग बघा, रिझर्व्ह बँक तुम्हाला एका आर्थिक वर्षात बाहेर पाठवू देते तेही अडीच लाख डॉलरच. म्हणजे फोर्डला जिथे पोचायला वीस वर्षं लागली नसतील, तिथून तुमची सुरुवात!

ही मर्यादा माणशी आहे, अगदी अल्पवयीन मुलालाही आहे. बारशाला चांदीचे वाळे कसले देता? वर्षात दहा लाखांच्या वर पाठवलंत तर बँक वरच्या रकमेवर वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापून घेईल, ते रिटर्न भरताना वळतं होतं, तेवढे दिवस धीर धरायचा. रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा वेगळा तक्ता असतो. तो भरायचा राहिला तर २०१५ च्या काळा पैसा कायद्यात दहा लाख दंडाची तरतूद आहे. तेव्हा सीएला खरं सांगा. बायकोला नंतर सांगितलं तरी चालेल.

विकायचं कसं, हा प्रश्न अजून तुम्ही विचारला नाहीत. चांगला गुंतवणूकदार तो विचारतच नाही. पण वेळ आलीच, पट्ट्याची तीस वर्षं झिजून बारा उरली, छपराला वाळवी लागली आणि स्थानिक गिऱ्हाईक नुसतंच हसून निघून गेलं, तर इंदूरला परत या. विजयनगरच्या एखाद्या हॉटेलात रविवारी संध्याकाळी हॉल घ्या. ‘निवडक कुटुंबांसाठी’ असं छापा. ड्रोनचा जुना व्हिडिओ चालेल, समुद्र काही म्हातारा होत नाही. जेवणात श्रीखंड ठेवा, सह्या जेवणानंतर घ्या, आणि पहिल्या रांगेत तुमच्या साडूंना बसवा. ते प्रश्न विचारतील असं वाटत असेल तर त्यांनाच भागीदार करा.