पॅडसोबत डिस्क बदलावीच लागते? खुलासा

‘ब्रेक पॅड बदलले की डिस्कही बदलायलाच हवी, नाहीतर ब्रेक फेल होतो,’ असा मेसेज सध्या फिरतोय. हे सरसकट खरं नाही. डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी धातूची तबकडी; ब्रेक दाबला की पॅड तिच्यावर दाबले जातात. डिस्क बदलायची की नाही, हे तिची जाडी आणि पृष्ठभाग ठरवतात.

बहुतेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. समजा 20 मिमी लिहिलंय आणि मोजमाप 21.2 आलं, तर माप ठीक आहे. 20.1 आलं तर मात्र बदलाच, कारण नवे पॅड संपायच्या आत ती मर्यादेखाली जाईल. मोजायला मायक्रोमीटर (जाडी अचूक मोजायचं साधन) घ्या. साधी व्हर्नियर मापपट्टी डिस्कच्या न झिजलेल्या काठावर टेकते आणि जाडी जास्त दाखवते; इथेच बरेच जण फसतात. डिस्कच्या गोलावर आठ ठिकाणी मोजा. तडे, नखाला अडकणारे खोल चरे किंवा ब्रेक दाबताना स्टिअरिंगला थरथर असेल, तर जाडी पुरेशी असूनही डिस्क तशीच ठेवू नका.

पॅड आणि डिस्क दोन्ही एका अ‍ॅक्सलवर (म्हणजे डाव्या-उजव्या चाकांच्या जोडीवर) जोडीनेच बदलायचे. एकाच बाजूचे बदलले तर गाडी ब्रेक लावताना एकीकडे ओढते.

नवी डिस्क बसवण्याआधी हबवरचा (डिस्क जिथे बसते त्या चाकाच्या मध्यभागावरचा) गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढा. गंजाची बारीकशी खपलीही डिस्क तिरकी बसवते आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर सुरू होते. मग दोष विनाकारण डिस्कला! डिस्कवरचा तेलाचा थर ब्रेक क्लीनरने पुसा आणि गाडी हलवण्याआधी ब्रेक पेडल कडक होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा.