चला, चला, बस थांबलीय!

अरे, थांबू दे ना बस! कंबोडियातल्या अंकोर वाटच्या देवळात काय हजेरी लावायला आलोय? "दहा मिनिटं, फोटो काढा आणि या." टूरवाल्यांचं दरवेळी तेच! ओवरीच्या भिंतीवर जवळपास 50 मीटर लांब समुद्रमंथन कोरलंय. आजीकडून ऐकलेली गोष्ट बाराव्या शतकातल्या ख्मेर कारागिरांनी दगडात कशी मांडली, हे बघायचं नाही? नाही! कारण साडेबाराला जेवण आहे. तेही इंडियन. कंबोडियात एक दिवस पनीर चुकलं तर हे देऊळ बांधणारा राजा सूर्यवर्मन उठून जाब विचारणार आहे का?

पश्चिमेच्या भिंतीवर अख्खं कुरुक्षेत्र आहे, शरपंजरी भीष्मांसकट. आमची मंडळी त्यांच्याकडे पाठ करून चकल्या खातायत आणि वायफायचा पासवर्ड विचारतायत. धन्य!

अंकोर थॉम म्हणजे सातव्या जयवर्मनची राजधानी. एकेका बाजूची तटबंदी 3 किलोमीटर! आम्हाला काय दाखवलं? एक दरवाजा, तोही बसच्या काचेतून. मग बायोनचं देऊळ. तिथे प्रत्येकाला दगडी चेहऱ्याच्या नाकाला नाक लावल्यासारखा फोटो हवाच. ता प्रोहमच्या देवळात झाडाच्या मुळांपुढे लालबागच्या राजासारखी रांग. आणि बान्ते स्रायचं देऊळ, ज्याच्या नाजूक कोरीव कामासाठी मी मुळात पैसे भरले होते? "वेळेअभावी रद्द."

रेशमी स्कार्फचं दुकान मात्र वेळेअभावी कधीच रद्द होत नाही. तिथे दीड तास, आणि वर चहा फुकट!